फोन एकाचा, दार सगळ्यांचे : कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी अशी डिजिटल सुरक्षा

वस्तीत, वसतिगृहात किंवा विहारात तरुणांशी मोबाईलच्या सुरक्षेबद्दल बोलायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही काही चुकीचे करत नाही, मग आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो विचारणाऱ्या कार्यकर्त्याच्या फोनमध्ये काय काय असते ते पाहा. अत्याचाराच्या प्रकरणातील फिर्यादीचा नंबर असतो, साक्षीदाराचे गाव असते. शिष्यवृत्तीसाठी मुलांनी पाठवलेले जातीचे दाखले आणि आधार कार्डांचे फोटो असतात. जयंती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब असतो, वकिलांशी झालेले बोलणे असते. यातले बरेचसे त्या कार्यकर्त्याचे स्वतःचे नसतेच. लोकांनी ते विश्वासाने त्याच्याकडे ठेवायला दिलेले असते.

म्हणून "माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे" हा प्रश्नच आम्हाला अपुरा वाटतो. माझ्या फोनमधून आणखी किती जणांच्या घरात शिरता येईल, असे विचारायला हवे. आणि महाराष्ट्रातल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी गेल्या काही वर्षांत जे पाहिले आहे, त्यानंतर दुसराही एक प्रश्न टाळता येत नाही : माझ्या नकळत माझ्या फोनमध्ये कोणी काही आणून ठेवले, तर ते माझे नाही हे मी सिद्ध कसे करणार?

बाबासाहेबांनी मागितलेला हक्क

खासगीपणा हा श्रीमंतांचा किंवा पाश्चात्त्यांचा चोचला आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. इतिहास वेगळे सांगतो. मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत एक स्पष्ट कलम होते. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होता कामा नये, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा त्याचा आशय होता. पोलिस तपासात अडचण येईल असे आक्षेप निघाले आणि हे कलम संविधानाच्या मसुद्यात आले नाही.

३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहे, पण ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे व्यक्तिस्वातंत्र्याच्या हिताचे ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. मतदानात दुरुस्ती फेटाळली गेली. त्याचे परिणाम पुढे अनेक वर्षे दिसले. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की झडती-जप्तीवर खासगीपणाच्या हक्काची मर्यादा घालणे संविधानकर्त्यांना योग्य वाटले नाही, तेव्हा आम्ही ती घालू शकत नाही. १९६२ च्या खडक सिंग खटल्यातही खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेच सांगितले गेले.

हे चित्र बदलायला २०१७ साल उजाडले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. या निकालात बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनाची आणि संविधान सभेतील त्या चर्चेचीही दखल आहे. सरकारला या हक्कात हस्तक्षेप करायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वैध हवा, हस्तक्षेप गरजेपुरताच हवा आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी, या कसोट्या या निकालातून मिळाल्या. बाबासाहेबांच्या काळात 'कागदपत्रे' कपाटात असत. आज ती खिशातल्या फोनमध्ये आहेत.

भीमा कोरेगाव प्रकरणातील लॅपटॉप

हे सारे आपल्यासाठी पुस्तकी का नाही, हे भीमा कोरेगाव प्रकरणावरून कळते. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, लढाईच्या द्विशताब्दीला, विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर पुण्यात दाखल झालेल्या गुन्ह्याचा तपास वाढत गेला, जानेवारी २०२० मध्ये तो एनआयएकडे गेला, आणि एकूण सोळा जणांना अटक झाली. त्यात विद्रोही चळवळीतील सुधीर ढवळे, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि अभ्यासक आनंद तेलतुंबडे होते. आरोपांचा मोठा भाग जप्त केलेल्या संगणकांत सापडलेल्या पत्रांवर उभा आहे.

त्या संगणकांच्या प्रतींची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवरचा तिचा पहिला अहवाल बाहेर आला. त्यातला घटनाक्रम प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे.

१३ जून २०१६ रोजी विल्सन यांना एका ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून मेल आले. ते खाते कवी वरवरा राव यांचे होते, पण अहवालानुसार ते दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेलेले होते. जोडलेला दस्तऐवज उघडून पाहा, असा आग्रह त्या मेलमध्ये होता. विल्सन यांनी तो उघडला. पडद्यावर साधा दस्तऐवज दिसला, पण मागे 'नेटवायर' नावाचे सॉफ्टवेअर संगणकात बसले. असे सॉफ्टवेअर एकदा बसले की दूरचा माणूस तुमच्या कळफलकावरची अक्षरे टिपू शकतो, पासवर्ड घेऊ शकतो, फाईल नेऊ शकतो आणि फाईल आणून ठेवूही शकतो. आर्सेनलच्या म्हणण्यानुसार हा शिरकाव सुमारे बावीस महिने चालला. एक छुपा फोल्डर तयार करण्यात आला आणि त्यात पत्रे टाकण्यात आली. ती पत्रे त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण सापडली नाही. त्यांतील काही पत्रे त्या लॅपटॉपवर नसलेल्या, नव्या आवृत्तीच्या वर्डमध्ये तयार झालेली होती. १७ एप्रिल २०१८ रोजी लॅपटॉप जप्त झाला, आणि त्या फोल्डरमधला शेवटचा बदल आदल्या दिवशीचा होता.

गडलिंग यांच्या संगणकाबद्दल जुलै २०२१ मध्ये आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये असेच अहवाल आले. स्वामी यांच्या संगणकात चाळीसहून अधिक फाईल बाहेरून टाकल्या गेल्या आणि जप्तीच्या आदल्या रात्री हल्लेखोराने आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला, असे त्यात म्हटले आहे. तो अहवाल वाचायला स्वामी हयात नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, कोठडीत असतानाच त्यांचे मुंबईच्या रुग्णालयात निधन झाले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. हे अहवाल आरोपपत्राचा भाग नाहीत आणि त्यांचा विचार खटल्याच्या वेळीच होऊ शकतो, अशी तिची भूमिका राहिली आहे. फाईल नेमक्या कोणी टाकल्या, याचा न्यायालयीन निर्णय झालेला नाही. पण जे ठरलेले आहे ते आपल्यासमोर आहे : रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला तो ८ जानेवारी २०२५ रोजी. साडेसहा वर्षे तुरुंगात गेली आणि तोवर खटला सुरूही झालेला नव्हता. संगणकातला पुरावा खरा की खोटा, हे ठरण्याआधीच माणसाच्या आयुष्याची एवढी वर्षे जातात.

महागडे हत्यार आणि स्वस्त हत्यार

हेरगिरी म्हटले की सगळ्यांना पेगासस आठवते. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे हे सॉफ्टवेअर ती फक्त सरकारी यंत्रणांनाच विकते, असे कंपनी स्वतः सांगते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधील त्रुटी वापरून जगभरातील सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्यात भारतातील वकील, पत्रकार, कार्यकर्ते होते. आपल्याला व्हॉट्सॲपकडून तसा इशारा मिळाल्याचे आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले होते. व्हॉट्सॲपने अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये एनएसओला जबाबदार धरणारा निकाल लागला.

भारतात काय झाले? जुलै २०२१ मध्ये पेगासस प्रकरण पुन्हा गाजले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीकडे आलेल्या २९ फोनपैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असे निश्चित सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयानेच ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले.

पेगासस महाग आहे, ते निवडक लोकांवर वापरले जाते. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेले नेटवायर मात्र इंटरनेटवर कोणालाही विकत मिळत असे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचे संकेतस्थळ ताब्यात घेतले, तोवर ते उघड विकले जात होते. ॲम्नेस्टी आणि कॅनडातील सिटिझन लॅब यांनी जून २०२० मध्ये आणखी नऊ जणांची माहिती दिली. त्यांतील बरेच जण भीमा कोरेगाव प्रकरणातील अटकेत असलेल्यांसाठी बोलत होते. २०१९ साली त्यांनाही असेच मेल आले होते, कधी पत्रकाराच्या नावाने, कधी न्यायालयाच्या कागदाच्या नावाने.

यातून आम्ही काढतो तो धडा साधा आहे. पेगाससपुढे सामान्य कार्यकर्ता फारसे काही करू शकत नाही. पण बहुतेक शिरकाव पेगाससने होत नाहीत. ओळखीच्या नावाने आलेली एक फाईल घाईत उघडली जाते आणि दार उघडते. ते दार बंद ठेवणे आपल्या हातात आहे. आज व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान' किंवा 'योजनेची यादी' म्हणून एपीके फाईल फिरतात आणि लोकांची बँक खाती रिकामी होतात. चोराची आणि हेराची युक्ती एकच असते, म्हणून एका सवयीने दोघांपासूनही बचाव होतो.

'एन्क्रिप्टेड आहे' म्हणजे नेमके काय?

व्हॉट्सॲप, सिग्नल यांचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. म्हणजे पत्र कुलूपबंद पेटीतून जाते आणि पेटीची किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असते. वाटेत कंपनीलाही ते वाचता येत नाही. पण पत्र घरी पोहोचून टेबलावर उघडे पडले असेल, तर पेटीचा काय उपयोग?

कुलूप रस्त्यावर असते, घरात नसते. तुमच्या फोनमध्ये हेर बसला असेल, तर तो तुमच्याबरोबरच संदेश वाचतो. दोनशे जणांच्या गटातील एकाचा फोन दुसऱ्याच्या हाती गेला, तर सगळ्या गटाचे बोलणे गेले. व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो, त्याला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते लावावे लागते. शिवाय संदेशातला मजकूर वाचता आला नाही, तरी कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलले, कोणता नंबर कोणत्या टॉवरजवळ होता, ही माहिती वेगळी उरतेच. बैठकीला कोण कोण होते हे कळायला तेवढी पुरते.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

फोन टॅपिंगसाठी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. पीयूसीएल खटल्यात डिसेंबर १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगवर काही बंधने घातली. गृह सचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा आणि त्याचा आढावा समितीने घ्यावा, असे त्यात ठरले. मात्र आदेश देणारे आणि आढावा घेणारे, दोन्ही शासनातलेच अधिकारी असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली संगणकातील माहितीसाठीही अशीच व्यवस्था आहे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राच्या दहा यंत्रणांना तो अधिकार दिला गेला.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. खासगी कंपन्यांनी माहिती जपली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणजे कंपनीपासून थोडे संरक्षण मिळेल, सरकारपासून ते मिळेलच असे नाही.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. पूर्वी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल, तर ती देण्याची वाट त्या कलमातच होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढ्या कारणावर नकार देता येतो. व्यापक जनहिताची कलम ८(२) मधील तरतूद शिल्लक आहे, अर्ज करताना तिचा उल्लेख आवर्जून करावा. घरकुलाची यादी, शिष्यवृत्तीचे वाटप, अनुसूचित जातींसाठीच्या निधीचा खर्च, यांची माहिती आपण याच कायद्याने मागतो. सामान्य माणूस सरकारला अधिकाधिक स्पष्ट दिसावा आणि सरकार सामान्य माणसाला अधिकाधिक धूसर दिसावे, अशी ही दिशा आहे. आमचा आक्षेप तिलाच आहे.

फोन जप्त होत असेल तर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत कार्यकर्त्यांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आहे. त्यात जप्त वस्तूंची यादी करणे आणि पंचांच्या सह्याही येतात, आणि ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवे. दुसरी गोष्ट 'हॅश व्हॅल्यू'ची. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ती नोंदवायची असते.

हॅश व्हॅल्यू म्हणजे डिजिटल पुराव्याच्या अंगठ्याचा ठसा. फोन किंवा हार्डडिस्कमधील सगळ्या माहितीवरून गणिताने अंक-अक्षरांची एक लांब ओळ काढली जाते. आतल्या एका फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. जप्तीच्या वेळीच ती काढून पंचनाम्यात लिहिली, तर नंतर कोणी काही घातले किंवा काढले, हे लगेच उघड होते. म्हणून पंचनाम्याची प्रत मागा. वस्तू सीलबंद झाली का ते पाहा. हॅश व्हॅल्यू नोंदवा, अशी मागणी करा, आणि ती नोंदवली नाही तर तसे लेखी म्हणणे द्या. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा : हॅश व्हॅल्यू जप्तीनंतरची ढवळाढवळ दाखवते. जप्तीआधीच कोणी फाईल घुसवली असेल, तर ती तिथे पकडली जात नाही. त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणीच लागते.

पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. याच आधारावर दिल्लीतील विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्डची सक्ती नाकारली. बोटाचा ठसा किंवा चेहरा यांना मात्र हे संरक्षण नाही, असाही युक्तिवाद होतो. अशा वेळी वाद घालत बसू नका, शांतपणे वकिलांशी बोलू देण्याची मागणी करा. नोटीस आल्यावर किंवा गुन्हा दाखल झाल्यावर फोनमधील माहिती पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जे ठेवायचे नाही ते रोजच्या शिस्तीने आधीच ठेवू नये.

आपल्याच हातून फुटणारी माहिती

सरकार आणि कंपन्यांना प्रश्न विचारताना आपल्या संघटनांकडेही पाहावे लागेल. गावात अत्याचाराची घटना घडली की एफआयआरची प्रत तासाभरात शंभर गटांत फिरते. हेतू चांगला असतो. पण त्या प्रतीवर फिर्यादीचे नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि कधीकधी साक्षीदारांची नावेही असतात. जिथे साक्षीदार फोडले जातात, जिथे फिर्यादीला त्याच गावात राहायचे असते, तिथे आपण दबाव टाकणाऱ्यांच्या हाती यादीच देतो. ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचे, त्यांची ओळख लपवण्याचेही हक्क आहेत. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे, मग ती न्याय मागण्यासाठी केली असली तरी.

तीच गोष्ट गुगल फॉर्मची. शिबिर, वधू-वर मेळावा, स्पर्धा परीक्षा वर्ग, प्रत्येक ठिकाणी जात, पत्ता, उत्पन्न, आधार क्रमांक मागितला जातो. ती माहिती कोणाच्या खात्यात आहे, कोण पाहू शकते, कधी पुसली जाणार, हे कोणालाच माहीत नसते. तीन वर्षांपूर्वी संघटना सोडून गेलेल्या माणसाकडेही ती राहते. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारणाऱ्या समाजात जातीसकट तयार झालेली यादी किती धोक्याची असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सुरुवात कुठून करायची

एका बैठकीत, तासाभरात करता येईल एवढेच आम्ही इथे सांगतो.

प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर :
- फोन आणि ॲप अद्ययावत ठेवा. अपडेटमधून जुन्या त्रुटी बुजवल्या जातात.
- व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, हे दर आठवड्याला पाहा.
- ईमेलला वेगळा, लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवा. ईमेल गेला की बाकीची खाती त्याच्या मागोमाग जातात.
- ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित फाईल आली, तर उघडण्याआधी त्याला फोन करून विचारा. एपीके फाईल तर कधीच उघडू नका.
- मोर्चाला जाताना बोटाचा ठसा आणि चेहऱ्याचे कुलूप बंद करून सहा किंवा अधिक अंकांचा पिन ठेवा.
- संवेदनशील बोलण्यासाठी संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय वापरा. बॅकअपलाही कुलूप लावा.
- जास्त जोखमीचे काम असेल आणि आयफोन असेल, तर 'लॉकडाउन मोड' सुरू करा.

संघटनेने मिळून :
- डिजिटल सुरक्षेची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवा, जशी खजिनदाराची असते.
- फॉर्ममध्ये लागेल तेवढेच विचारा. काम संपल्यावर यादी पुसा आणि पुसल्याची नोंद ठेवा.
- एफआयआर किंवा निवेदन पाठवताना नाव, पत्ता, नंबर झाकूनच पाठवा. मूळ प्रत फक्त वकील आणि केस पाहणाऱ्या कार्यकर्त्याकडे असावी.
- जाहीर कार्यक्रमाचा गट वेगळा, केसच्या कामाचा छोटा गट वेगळा. सोडून गेलेल्यांना गटातून आणि सामायिक ड्राइव्हमधून काढा.
- वकिलाचा नंबर प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेला असू द्या. फोन जप्त झाला की त्यातला नंबर उपयोगाचा नाही.

आर्थिक फसवणूक झाली, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. फोनमध्ये हेरगिरीचा संशय असेल किंवा ॲपल, व्हॉट्सॲपसारख्या कंपनीकडून इशारा आला, तर फोन फॉरमॅट करू नका, तपासणीसाठी लागणाऱ्या खुणा त्यात जातात. दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन अशा हक्कांसाठी न्यायालयात लढते, आणि ॲक्सेस नाऊ ही आंतरराष्ट्रीय संस्था कार्यकर्त्यांसाठी मोफत डिजिटल मदतकेंद्र चालवते.

भीती नको, शिस्त हवी

हे सगळे वाचून कोणी गप्प बसावे, गट सोडावे, मोर्चाला जाऊ नये, असे आम्हाला अजिबात वाटत नाही. पाळतीचा खरा परिणाम तोच असतो. माणूस पकडला जाण्याआधीच स्वतःला आवरायला लागतो. आपली चळवळ उघड्यावर चालते, आणि तशीच चालायला हवी. आपल्या मागण्या, भाषणे, ठराव, हिशेब जाहीर असू द्या. ज्या माणसांसाठी आपण उभे राहतो, त्यांची नावे, घरे आणि दुःखे मात्र सांभाळून ठेवायची आहेत.

विचारले तर फरकही पडतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच टाकण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. देशभर प्रश्न विचारले गेले आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी तो मागे घेतला गेला. योगायोग असा, की १९४८ साली त्याच तारखेला झडती-जप्तीविरुद्धची ती दुरुस्ती संविधान सभेत मांडली गेली होती.

येत्या महिन्याच्या बैठकीत पंधरा मिनिटे या विषयाला द्या. सगळ्यांनी मिळून 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा, जुने फॉर्म पुसा, आणि पुढची एफआयआर पाठवण्याआधी नाव झाका. जय भीम!